तांब्याचं वाण

मिरची मोडली आणि आतून बी सांडलं. प्रयागबाईचा ठेचा त्या दिवशी तिथंच राहिला.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. मिरचीतून बी नाही निघायचं तर काय मोती निघायचे? पण ही मिरची अग्निजा होती. २०४३ सालच्या त्या मार्गशीर्षात डोंगरखेडीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की अग्निजाच्या पोटात बी भरत नाही. नुसतं टरफल धरतं, फुंकर मारली की उडून जाणारं. पेरायला बी हवं असेल तर ऋतुधन कंपनीचं सीलबंद पाकीट घ्यायचं, दर साली नवं. दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

प्रयागबाईनं दुसरी मिरची मोडली, मग तिसरी. तळहातावर पिवळं, जाड बी जमलं. एक दाणा दाताखाली धरला, तर कट्‌ असा आवाज आला. मग ती पाट्यापाशी तशीच बसून राहिली आणि एकटीच हसली. पंधरा वर्षं मनात डूख धरून बसलेल्या बाईचं ते हसू होतं. तिचा नवरा दारातून आत आला, त्यानं ते पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा बाहेर गेला.

पंधरा वर्षांपूर्वी प्रयागबाई खरात ही ऋतुधनच्या शेडनेटमधली सगळ्यात तयार हाताची बाई होती. जालना-बुलढाण्याच्या शिवेवरच्या या पट्ट्यात तेव्हा गावोगाव बियाण्याचे प्लॉट होते आणि त्यांत बायका ‘क्रॉसिंग’ करायच्या. काम मोठं नजरेचं. मिरचीची कोणती कळी उद्या सकाळी उमलणार, हे आज दुपारी चार वाजता ओळखायचं. आज उमललेली चालत नाही, परवा उमलणारीही चालत नाही. ती नेमकी कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लावायचे आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. एका शेडला चाळीस बायका लागत. प्रयागबाई तिच्या शेडमधल्या चाळीस जणींची म्होरकी होती.

कंपनीचे शास्त्रज्ञ डॉ. विश्राम टेकाळे तेव्हा तरुण होते आणि गावात एकटेच राहायचे. प्रयागबाई त्यांच्यासाठी भाकरी आणायची, त्यांना भाऊ म्हणायची, भाऊबीजेला ओवाळायची. आपल्या माहेरच्या मिरचीवर बोकड्या पडत नाही, हे तिनंच त्यांना सांगितलं. बोकड्या म्हणजे पानं मुरडून झाड खुजं करणारा रोग. तो आला की शेतंच्या शेतं हातची जातात. टेकाळ्यांनी तिला शेडच्या कोपऱ्यात चार झाडं लावायला परवानगी दिली. त्या साली शेडमधली सगळी मिरची मुरडली आणि कोपऱ्यातली ती चार झाडं ताठ उभी राहिली.

टेकाळ्यांनी त्यांचं बी मागितलं. प्रयागबाईनं ओंजळभर दिलं आणि मूठभर घरच्या वाफ्यासाठी पदराच्या गाठीत बांधलं.

त्याच संध्याकाळी फाटकावर झडती झाली. तीनशे बायकांसमोर रखवालदारानं तिला गाठ सोडायला लावली. ती म्हणाली, भाऊंना विचारा. भाऊ आले. त्यांनी बियाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही, आणि आवारातलं बी कंपनीचं असतं एवढंच म्हणाले. चोरीची फिर्याद झाली, दोन दिवस ठाण्यात काढावे लागले. आईला न्यायला आलेली अकरा वर्षांची प्रांजल फाटकापलीकडे उभी राहून हे सगळं बघत होती. एवढा पाणउतारा प्रयागबाईचा जन्मात कुणी केला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. त्या मानानं लहानच, पण प्रयागबाई तीही विसरली नव्हती. शेडच्या दाराशी तिची तांब्याची घागर असायची. तीत ताक आठ-दहा दिवस आंबवायचं, हिरवट झालं की पाण्यात मिसळून कळ्यांवर शिंपडायचं, ही तिच्या आईची रीत. वास असा, की माणूस दोन पावलं मागं सरकावा. त्याच आठवड्यात वरचे साहेब पाहणीला येणार म्हणून टेकाळ्यांनी ती घागर लाथेनं उलटी केली होती. घागरीला पोचा आला. तो पोचा प्रयागबाईनं कधी काढून घेतला नाही.

पुढं सहा वर्षांनी अग्निजा आली आणि शेडनेट उठले. चाळीस बायका घरी बसल्या. जनुकं बदललेल्या पिकांवरून जिल्ह्यात मोर्चे निघाले, टीव्हीवर भांडणं झाली. पण ज्यांनी अग्निजा लावली त्यांनी ती पुन्हा लावली, कारण मिरची चांगली होती. बोकड्याला दाद देत नव्हती, निम्म्या पाण्यावर दीडपट माल देत होती. प्रयागबाई एकाही मोर्चाला गेली नाही. मिरचीला कुणी नावं ठेवली तर तिच्याच नाकाला झोंबायची. पान, देठ, फळाचं टोक, सगळं तिच्या माहेरचं होतं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात वाढताना बघावं, तसं तिला व्हायचं.

आणि खरं लेकरू तरी कुठं गेलं? प्रांजल शेतकी कॉलेजातून बाहेर पडली आणि त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. तिला त्या कामाची आवड होती आणि पंचक्रोशीत दुसरी प्रयोगशाळा नव्हती. प्रयागबाईनं वर्षभर अबोला धरला, मग पोटची पोर म्हणून सोडला. टेकाळे आता संचालक झाले होते. प्रांजलला ते कामावरून ओळखत, पण ही खरातांची प्रांजल कुणाची कोण, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी प्रांजल घरी आली तेव्हा आईनं ताटलीत बी ओतून तिच्यापुढं सरकवलं.

“हे काय हाये, ते सांग.”

प्रांजलनं एक दाणा नखानं चिरला आणि उजेडात धरून पाहिला. मग तिनं आईला समजेल असं सांगितलं. कुठल्याही बियात अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. म्हणून संकरित झाडाचं बी धरून पेरलं तर भावंडांसारखी निरनिराळी झाडं उगवतात, एक उंच तर एक खुजं. दर साली नव्यानं क्रॉसिंग करावं लागायचं ते यासाठीच. अग्निजाची काही जनुकं अशी बदलली होती, की झाडानं बापाशिवाय बी धरावं आणि ते बी म्हणजे हुबेहूब आईची नक्कल असावी. मग क्रॉसिंग नको आणि बायकाही नकोत. पण असं बी एकदा शेतकऱ्याच्या हाती पडलं की त्याचं जन्मभराचं काम झालं, पुन्हा कंपनीच्या दारात कोण येतो? म्हणून त्या जनुकांना कुलूप घातलं होतं. चावी लागली तर बी भरायचं, नाही तर नुसतं टरफल वाळून जायचं.

“चावी म्हंजी?”

“एक फवारा असतो. कंपनी फक्त स्वतःच्या मळ्यात मारते. त्यात काय आहे ते आम्हा तिघांनाच माहीत आहे.” एवढं म्हणताना प्रांजलची नजर परसातल्या घागरीवर गेली आणि तिचा चेहरा उतरला. “आई, या झाडांवर तू ताक मारलंस?”

मारलं होतं. दर साली मारत होतीच, पण आजवर बाजारातून आणलेल्या साध्या रोपांवर. यंदा पहिल्यांदाच तिनं नवऱ्यानं लावलेल्या अग्निजाची चार रोपं परसात आणली होती.

चावी तांब्याची होती. पण नुसतं तांबं पानावरच बसून राहतं. बाजारातल्या तांब्याच्या बुरशीनाशकांनी कुलूप उघडत नाही, हे कंपनीनं आधीच तपासून घेतलं होतं. तांबं एका विशिष्ट आम्लाशी बांधलं गेलं तरच ते कळीच्या आत शिरतं, आणि तेही कळी उमलायच्या आदल्या दुपारीच. आंबलेल्या ताकात तेच आम्ल असतं. आणि ती दुपार ओळखायची नजर प्रयागबाईच्या हाडीमाशी खिळलेली होती. फवारायचं म्हटलं की तिचा हात चार वाजताच उठायचा. कंपनीनं दुकानात मिळणारं प्रत्येक औषध कुलपाला लावून पाहिलं होतं. ताक लावून पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताकाला त्यांनी लाथ मारली होती.

प्रयागबाईच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं देवाला जे मागितलं ते परसात उगवलं होतं. प्रांजलनं मात्र तिचे दोन्ही हात धरले. हे बाहेर पडलं तर चावी मीच फोडली असं म्हणतील, ती सांगत होती. तिघांत तुझी पोरगी मी एकटीच आहे. एक वर्ष थांब, मी दुसरीकडे नोकरी बघते, मग तुला हवं ते कर. प्रयागबाईनं दात-ओठ खात का होईना, पण शब्द दिला.

चूक प्रांजलच्या हातून झाली, आणि तीही शिकलेल्या माणसाचीच. खात्री केल्याशिवाय तिला राहवेना. जाताना तिनं चार दाणे नेले आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासले. अग्निजाची हुबेहूब नक्कल निघाली. तिनं निकाल पुसून टाकला, पण कोणती तपासणी कुणी, किती वाजता केली याची नोंद यंत्र स्वतःपाशी ठेवत होतं. ती नोंद टेकाळ्यांपुढं गेली.

दोन जानेवारीला टेकाळे स्वतः डोंगरखेडीला आले. केस पिकले होते, गुडघे दुखत होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी पाणी मागून घेतलं. प्रयागबाईनं दिलं. तिच्या मुलीनं चावी चोरून आईला दिली आणि आईनं परसात बी भरवून पाहिलं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रांजलला वेगळ्या खोलीत बसवलं होतं, फोन काढून घेतला होता, आता रोज संध्याकाळी फाटकावर तिची झडती होणार होती. फिर्याद दिली तर पोरगी पाच वर्षं आत जाईल. पण टेकाळ्यांना बोभाटा नको होता. असेल नसेल ते सगळं बी कंपनीच्या हवाली करायचं, यापुढं परसात अग्निजा लावणार नाही असं लिहून द्यायचं, की विषय संपला.

पोचा आलेली घागर त्या दिवशी अंगणातल्या नळापाशी होती, त्यांच्यापासून दोन हातांवर. तीत ताक आंबत होतं. टेकाळ्यांनी वासानं नाकाला रुमाल लावला, पण वळून पाहिलं नाही.

प्रयागबाईच्या जिभेवर आलं होतं, की चावी ही बघा, घागरीत हाये, मह्या पोरीनं काही चोरलं नाही. एवढं एक वाक्य. पोरगी त्याच दिवशी सुटली असती. पण मग टेकाळे गुपचूप घागर उचलून नेते, कुलूप बदलते, आणि फाटकावरचा तो दिवस होता तिथंच राहता. तिनं ते वाक्य गिळलं. पोरीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिनं तो बाजूला सारला.

“बी देते,” ती म्हणाली. “दाना बी मागं ठिवनार नाही. पर संक्रांतीला फाटकावर या. मह्या शेडातल्या समद्या बायांला म्या हळदीकुंकवाला बोलावते. त्यांच्यासमोर सांगा, त्या दिशी मह्या पदरातलं बी कोनाचं व्हतं. अन् मही घागर लाथाडली, तेबी सांगा.”

“घागर?” टेकाळ्यांना आठवेना.

“ताकाची. तुमच्या ध्यानात नसंल. मह्या हाये.”

टेकाळ्यांना जवळजवळ हसू आलं. म्हातारपणी बायकांचं असं काहीतरी मनात अडकून बसतं, एवढाच त्यांनी अर्थ काढला. दोन वाक्यांत कोट्यवधींचं बियाणं वाचत होतं, आणि कुठंतरी आत त्यांनाही त्या दिवसाची टोचणी असावी. ते कबूल झाले.

मधले बारा दिवस गेले ते असे. सहाव्या दिवशी प्रांजलनं एका मैत्रिणीच्या फोनवरून आईला फोन केला. आज माझे केस सोडून पाहिले, ती म्हणाली. रोज विचारतात, चावी कुणाला दिलीस. तिनं ताकाचं नाव काढलं नव्हतं. ते सांगून ती सुटली असती, पण आईच्या हातातला एकुलता एक डाव गेला असता, म्हणून ती गप्प होती.

“थोडी कळ काढ,” प्रयागबाई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर भिंतीला डोकं टेकून रडली. रडून झाल्यावर तिनं घागर घासूनपुसून पिशवीत घातली आणि जालन्याला तांबटाकडे गेली. तांबटाला वाटलं, पोचा काढायला आली. तिनं घागर कापायला सांगितली. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एक्केचाळीस.

संक्रांतीच्या दुपारी ऋतुधनच्या फाटकाबाहेर चाळीस बायका उभ्या होत्या. कुणाचे केस पांढरे, कुणाच्या कवळ्या, पण सगळ्या काठापदराच्या लुगड्या-साड्यांत. वर कंपनीचे कॅमेरे होते, बायकांच्या हातात फोन होते. आत, रखवालदाराच्या खोलीपाशी प्रांजल उभी होती, बारा दिवसांत निम्मी झालेली.

टेकाळे बोलले आणि प्रयागबाईनं सांगितल्या शब्दांत नीट बोलले. पंधरा वर्षांपूर्वी प्रयागबाईंच्या पदरात होतं ते बी त्यांचंच होतं, ते म्हणाले. अग्निजा त्यांच्या माहेरच्या मिरचीतूनच निघाली. आणि त्या शेडमध्ये फवारायला ताक आंबवायच्या ती त्यांची तांब्याची घागर मी लाथेनं उडवली. माझी चूक झाली. त्यांनी हातही जोडले.

प्रयागबाईनं बियाचा डबा त्यांच्या हातात दिला, परसात अग्निजा लावणार नाही या कागदावर अंगठा उठवला आणि प्रांजलवर कुठलीही तक्रार नसल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ते बायकांतल्या एकीकडून दोनदा वाचून घेतलं. टेकाळ्यांना दिलेला शब्द तिनं पुरा पाळला होता. डब्याबाहेर एक दाणा तिच्यापाशी नव्हता.

मग तिनं वाण लुटायला काढलं. एकेकीला हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि हातात तांब्याची पट्टी ठेवायची. आणि हे करता करता ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, एखादी सुगरण पदार्थाची कृती सांगते तशी. ताक मातीच्या नाही तर प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. ही पट्टी त्यात टाका. धा दिवस हलवू नका. हिरवं झालं की एका तांब्याला धा तांबे पानी. तुमच्या वावरातल्या अग्निजावर मारा, समद्या झाडावर नाही, फकस्त उद्याच्या कळीवर. बी भरंल, आईसारखंच. पाकीट घ्यायचं काम नाही.

केसरबाई नावाची तिची जुनी जोडीदारीण पट्टी उलटसुलट करून बघत होती. “चारलाच मारायचं?”

“चारलाच. कळी वळखू येती ना अजून?”

“डोळे झाकून,” केसरबाई म्हणाली, आणि मग पहिल्यांदा बायका हसल्या.

टेकाळ्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग बायकांच्या हातातल्या पट्ट्यांकडे. त्यांना सगळं एकदम कळलं. हुशार माणूस होता. तांबं, ताक, चार वाजताची कळी, आणि ती ओळखू शकणाऱ्या, त्यांनीच घरी बसवलेल्या या चाळीस बायका. गावोगावच्या शेडमधल्या अशा हजारो. ते पुढं झाले, ही कृती कंपनीच्या मालकीची आहे, असं काहीतरी बोलू लागले.

प्रयागबाईनं पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना जुन्या नावानं हाक मारली.

“भाऊ, घागर कोनाची व्हती? आत्ताच सांगितलं तुमी. अन् बी कोनाचं व्हतं, तेबी.”

चाळीस फोन त्यांच्या तोंडासमोर होते. टेकाळे फाटक धरून खाली बसले. प्रयागबाई त्यांच्याकडे पाहत राहिली, पोटभर. तिला दया आली नाही. बरं वाटलं, अगदी पायाच्या नखापर्यंत बरं वाटलं.

प्रांजल फाटकाबाहेर आली तेव्हा बायका पांगल्या होत्या. गळ्यातलं ओळखपत्र तिनं रखवालदाराकडं दिलं होतं. आईनं कुंकवाचं बोट पुढं केलं, तशी ती मागं सरली.

“टेकाळे घरी आले त्या दिवशी घागर अंगणातच होती ना?”

प्रयागबाईनं मान डोलावली.

“म्हणजे तू मला त्याच दिवशी सोडवू शकत होतीस.”

“सोडवू शकत व्हते.” खोटं बोलायला आता तिच्यापाशी कारण नव्हतं. “पर मंग हे झालं नसतं.”

“मी तुझ्यासाठी बारा दिवस तोंड उघडलं नाही, आई. तू कुणासाठी उघडलं नाहीस?”

प्रयागबाईनं वाण पुढं केलं. प्रांजलनं तांब्याच्या पट्टीकडे पाहिलं, वाण नको म्हणाली आणि जालन्याच्या गाडीत बसून गेली.

महिनाभरात ताकाची कृती तीन जिल्ह्यांत पोचली. ऋतुधनचे वकील कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि संक्रांतीचं ते चित्रण तिथंही सगळ्यांनी पाहिलं. डोंगरखेडीत चार वाजले की घराघरातून आंबट वास येई, बायका हातात डबडी घेऊन वावरात शिरत, आणि जुन्या सवयीनं कळ्यांशी वाकत. प्रयागबाई बांधावरून बघायची. तिचं उट्टं फिटलं होतं. आता रात्री तिला झोप लागायची आणि ठेच्याला चव यायची.

एक्केचाळिसावी पट्टी तिच्या पदराच्या गाठीत होती. अंघोळ झाली की ती गाठ नव्या पदरात बांधायची, आणि कुणी फाटकावर अडवून ती सोडायला लावील अशी आता तिला भीती नव्हती. जिच्यासाठी बांधली होती ती लेकच फक्त ती गाठ सोडू शकत होती, आणि तिचा फोन अजून आला नव्हता.